पाठीवरचं आणि पोटातलं

कुणी सीडी घेऊन दुकानात आलं की मी ती लगेच संगणकात घालत नाही. आधी ट्यूबलाइटसमोर धरते. चंदेरी थर शाबूत असला तर चकतीतून उजेड सगळीकडे सारखाच अंधूक येतो. थर कुठे उडाला असेल तर तिथे सुईच्या टोकाएवढं भोक लख्ख चमकतं. अशी दोन-चार भोकं असली तर आशा असते. चाळण झाली असेल तर समोरच्या माणसाला आधी बसायला सांगायचं, पाणी द्यायचं आणि मग बोलायचं. डीव्हीडी असेल तर उजेडाचा फारसा उपयोग नाही. तिची कड डोळ्यांच्या रेषेत आणायची आणि दोन पापुद्रे एकमेकांपासून सुटलेत का ते बघायचं.

हे मला कुठल्या क्लासात शिकवलं नाही. सांगलीत पंचवीस वर्षं या चकत्यांच्या संगतीत गेली. त्यात ज्या चुका झाल्या, त्यांनी शिकवलं. आता नव्या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नसते. तरीही आठवड्यातून दोन-तीन जण कपाटाच्या तळातून जुनी चकती काढून आणतातच. त्यांना जे तुकड्यातुकड्यानं सांगते, ते एकदा सलग लिहून काढावं असं बरेच दिवस मनात होतं.

१९९९ साली मी एका व्हिडिओ मिक्सिंगच्या स्टुडिओत ऑपरेटर म्हणून लागले. लग्नाच्या कॅसेटी जोडणं, नावं टाकणं, गाणी भरणं हे काम. त्याच वर्षी मालकांनी सीडी रायटर आणला. त्याला हळदकुंकू लावून, नारळ फोडून मगच तो सुरू केला. वेग ४ एक्स. सीडीचा मूळ वेग सेकंदाला १५० किलोबाइट, हा त्याच्या चौपट. ६५० एमबीची एक चकती भरायला अठरा-वीस मिनिटं लागायची. तेवढा वेळ कुणी माउसला हात लावायचा नाही, दुसरी फाइल उघडायची नाही. लेझर लिहायला लागला की त्याला डेटा अखंड मिळावा लागतो. संगणक मध्येच अडखळला आणि धार तुटली की चकती बाद. आणि कोरी सीडी तेव्हा महाग होती. वाया गेलेल्या चकत्या मालक खिळ्याला अडकवून ठेवायचे, आम्हाला दिसाव्यात म्हणून.

२००० च्या सुमारास सान्यो कंपनीनं धार तुटली तरी थांबून पुन्हा तिथूनच लिहायची सोय रायटरमध्ये आणली. हळूहळू सगळ्याच कंपन्यांच्या रायटरमध्ये तशी सोय आली आणि आमचा जीव भांड्यात पडला. पण वीज गेली तर तिचाही इलाज चालत नसे. पुढे लोडशेडिंगची वर्षं आली तेव्हा मी स्वतःचं दुकान टाकलं होतं. कुठल्या वारी किती वाजता वीज जाणार त्याचं वेळापत्रक भिंतीवर लावलेलं असायचं आणि त्याच्या आधारानं मी सीड्या मारायला घ्यायची. यूपीएसची बॅटरी दहा मिनिटांची आणि चकती पंधरा मिनिटांची, हे गणित चुकलं की चकतीच्या मागच्या बाजूला अर्ध्यावर थांबलेली एक गोल रेघ दिसायची. लिहिलेला भाग गडद, कोरा भाग फिका. त्या रेघेनं मला एक गोष्ट कायमची दाखवून दिली. चकती आतून बाहेर भरत जाते. मधल्या भोकाजवळून सुरुवात आणि कडेला शेवट. ही साधी गोष्ट पुढे एकदा फार महागात पडणार होती.

तेव्हा लग्नं व्हीसीडीवर द्यायची पद्धत होती. एका सीडीत तास-सव्वा तास मावायचा. हळद एका सीडीत, लग्न दुसरीत, वरात आणि जेवणावळ तिसरीत. चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. नवरीच्या शालूची जर नुसती पिवळट डाग होऊन दिसायची. २००७ च्या सुमारास मोझर बेअरनं सिनेमांच्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणल्या. मग डीव्हीडी प्लेअर घराघरात गेले आणि लग्नंही डीव्हीडीवर मागायला लागली. चित्र ७२० बाय ५७६, म्हणजे चौपट ठिपके, आणि सगळं लग्न एकाच चकतीत.

वाळवा तालुक्यातले एक शेतकरी मुलीच्या लग्नाची डीव्हीडी न्यायला आले होते. थोरल्या मुलीच्या वेळच्या तीन सीड्या त्यांच्या घरी होत्या. ते म्हणाले, "ताई, दोन्ही चकत्या एकाच मापाच्या. मग हिच्यात तीन सीड्यांचं कसं काय मावतंय?"

मी म्हटलं, "काका, रान तेवढंच आहे. सरी जवळ जवळ पाडलीय."

त्यांना लगेच पटलं आणि तेव्हापासून मी हेच उदाहरण देते. चकतीवर डेटा एकाच लांबलचक गोल सरीत असतो. सीडीत दोन सऱ्यांमधलं अंतर १.६ मायक्रॉन, डीव्हीडीत ०.७४. म्हणजे निम्म्याहून कमी. सीडीतली सगळ्यात लहान खूण ०.८३ मायक्रॉन लांब, डीव्हीडीतली ०.४. नांगराचा फाळ बारीक असल्याशिवाय सरी अरुंद पडत नाही. सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा ६५० नॅनोमीटरचा लाल. म्हणून एवढ्याच १२ सेंटिमीटरच्या चकतीत सीडीत ७०० एमबी आणि डीव्हीडीत ४.७ जीबी. (संगणक हजाराच्या जागी १०२४ नं मोजतो, त्यामुळे त्यावर ४.३८ च्या आसपासच दिसतात. "एवढी जागा कुठे गेली?" असं विचारणाऱ्यांना मला कित्येकदा समजवावं लागलं आहे.)

काकांनी जाता जाता विचारलं, "मंग सरी जवळ पाडल्यावर रोग पडला तर सगळ्याच उसाला लागत आसंल की?" त्यांनी दोन मिनिटांत ओळखलेली ही गोष्ट माझ्या लक्षात यायला काही वर्षं लागली होती. सीडीवर जो ओरखडा दहा सऱ्यांवरून जातो, तोच डीव्हीडीवर वीस-बावीस सऱ्यांवरून जातो. डीव्हीडीत चूक दुरुस्त करणारं गणित जास्त भक्कम आहे, म्हणून लहानसहान ओरखडे ती गिळून टाकते. पण गिळायची ताकद संपली की एकदम संपते. सीडी बिघडताना कुरकुर करते, अडकते, पुन्हा चालते. डीव्हीडी काल चालत होती आणि आज नुसते चौकोन दाखवते.

आता पाठ आणि पोट. सीडीचा डेटा खालच्या चकचकीत बाजूला असतो असं जवळजवळ प्रत्येकाला वाटतं. मलाही वाटायचं. म्हणून त्या बाजूला बोट लागू द्यायचं नाही आणि वरच्या बाजूला काहीही करायचं, असा आमचा रिवाज होता. प्रत्यक्षात सीडीचं १.२ मिलिमीटर जाडीचं सगळं प्लॅस्टिक खालच्या बाजूला असतं. डेटाचा थर, त्यावर चंदेरी थर आणि त्यावर लाखेसारखं पातळ लुकण, हे सगळं वरच्या बाजूला असतं, जिथे आपण नाव लिहितो तिथे. सीडी आपला जीव पाठीवर घेऊन फिरते. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या, आणि डेटा त्यांच्या मध्ये, पोटात.

हे मला कळलं ते एका हळदीच्या अडत दुकानामुळे. त्यांचा टॅलीचा हिशेब दर वर्षी मार्चअखेरीला मी सीडीवर घेऊन द्यायची. तेव्हा इंकजेट प्रिंटरवर गोल स्टिकर छापून चिकटवायची नवी टूम आली होती. दुकानाचं नाव, गणपतीचं चित्र, आर्थिक वर्ष, असं सुंदर लेबल करून द्यायची आणि त्याचा मला अभिमान होता. तीन वर्षांनी त्यांचा संगणक बसला आणि ते सीडी घेऊन आले. दुकानाच्या माळ्यावर पत्र्याखाली ठेवलेली. उन्हाळ्यात तापून, पावसाळ्यात दमट होऊन स्टिकरची कड वर आली होती. नीट बसवावी म्हणून मी ती कड जराशी उचलली आणि कागदाबरोबर नखाएवढा चंदेरी पापुद्रा निघून आला. त्या जागी सीडी काचेसारखी आरपार दिसत होती. त्यातून मला माझंच बोट दिसत होतं.

त्या गृहस्थांनी आवाज चढवला नाही. "आता साहेबांना काय दाखवू?" एवढंच म्हणाले. रोजकीर्द आणि खतावणीच्या वह्या त्यांच्याकडे होत्या, म्हणून निभावलं. मी आणि एका मुलीनं मिळून तीन आठवडे बसून वर्षाच्या नोंदी पुन्हा भरल्या. त्याचे पैसे घेतले नाहीत. घ्यायचा प्रश्नच नव्हता. त्या दिवसापासून माझ्या हातून एकाही चकतीवर कागद चिकटला नाही. पुढे एका इंजिनिअर मुलानं मला अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक आणि तंत्रज्ञान संस्थेची, फ्रेड बायर्स यांनी २००३ साली लिहिलेली पुस्तिका छापून आणून दिली. चकत्या कशा हाताळाव्यात एवढाच तिचा विषय. स्टिकर नको, बॉलपेन नको, नाव लिहायचं तर पाण्याच्या शाईच्या मऊ टोकाच्या पेननं. चकती उभी ठेवा. पुसताना मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. कारण गोल पुसताना पडलेला ओरखडा सरीच्या बाजूनंच लांबत जातो आणि एकाच जागचा सलग डेटा खातो. आडवा ओरखडा प्रत्येक सरीचा इवलासा तुकडाच घेतो. यातलं बरंचसं मी ठेच लागून शिकले होते. ही पुस्तिका चार वर्षं आधी हातात पडली असती तर, असं ती वाचताना राहून राहून वाटलं.

आणखी एक गोष्ट गिऱ्हाइकांना पटवायला जड जाते. सिनेमाची सीडी दहा वर्षं गाडीत राहून चालते, मग मी मारून दिलेली दोन वर्षांत का जाते? सिनेमाची चकती कारखान्यात छापलेली असते. तिच्या खुणा प्लॅस्टिकवर ठशानं दाबलेल्या असतात. आपण लिहितो त्या चकतीत रंगाचा थर असतो. लेझर तो जाळून खुणा करतो. रंग म्हटला की तो उन्हानं उडणारच. एक टेम्पोवाले दादा भजनांची सीडी काचेपाशी ठेवायचे आणि दर पावसाळ्याआधी नवी करून न्यायचे. त्यांच्या सीडीची मागची बाजू बघितली की हिरवट रंग एका बाजूनं पांढुरका पडलेला दिसायचा, दारावरचा पडदा उन्हाच्या बाजूनं विटतो तसा.

डीव्हीडी आल्यावर मला वाटलं, आता चिंता मिटली. एक तासाच्या मिनी-डीव्ही टेपवरचं मूळ चित्रण १३ जीबीच्या घरात जायचं. सीडीवर ठेवायचं तर एकोणीस चकत्या. त्यामुळे कुणी ठेवतच नसे, टेप पुसून दुसऱ्या लग्नाला वापरायची. डीव्हीडीवर तीनच चकत्या लागत. पहिल्यांदाच मूळ काम जपून ठेवणं परवडायला लागलं. पण तिथेही गुंते होते. वजा आर आणि अधिक आर अशा दोन जातींच्या चकत्या, एकीला चालणारा प्लेअर दुसरीला ओळखायचा नाही. आणि लिहून झाल्यावर चकती बंद करायची राहिली तर ती फक्त माझ्याच संगणकावर दिसायची. एका कंत्राटदाराला नकाशांची डीव्हीडी मी अशीच उघडी ठेवून दिली, पुढे भर घालता येईल म्हणून. त्यांनी ती पुण्याला साहेबांपुढे घातली आणि तिथल्या संगणकावर ती कोरी दिसली. त्यानंतर मी दिलेली प्रत्येक चकती आधी दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये उघडून बघते. जिथे लिहिली तिथेच तपासणं म्हणजे आपणच पेपर लिहून आपणच तपासण्यासारखं आहे.

या सगळ्या चुका भरून निघाल्या. एक निघाली नाही.

२००४ साली जत भागातल्या एका निवृत्त शिक्षिका माझ्याकडे आल्या. त्यांनी आपल्या गावातल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या वीसेक वर्षांपूर्वी टेपरेकॉर्डरवर उतरवल्या होत्या. चौदा कॅसेटी. काहींना बुरशी लागली होती, काहींची फीत सैल झाली होती. मी महिनाभर रोज थोड्या थोड्या करून त्या संगणकात घेतल्या. मागे जात्याची घरघर आणि तिच्यात मिसळलेला तो आवाज ऐकताना दुकानात आलेली माणसंही थांबायची. सगळं एमपीथ्री करून एकाच सीडीत बसवलं. काळजी म्हणून दोन प्रती केल्या, एकामागून एक, एकाच स्पिंडलमधल्या कोऱ्या चकत्यांवर. आणि त्यांच्या हातात देताना मी म्हणाले, "बाई, आता कॅसेटी टाकून दिल्यात तरी चालतील."

२०१२ मध्ये त्या पुन्हा आल्या. सीडी चालत नव्हती. दुसरी प्रतही चालत नव्हती. मी घाईनं विचारलं, "कॅसेटी आहेत ना?" त्या शांतपणे म्हणाल्या, "तूच म्हणाली होतीस बाळ, टाकल्या तरी चालतील म्हणून."

त्या रात्री मी दुकान बंद केलं नाही. विंडोज एका खराब जागेशी अडलं की सगळी फाइल सोडून देतं, म्हणून खराब खंड ओलांडून पुढे जाणारा प्रोग्राम लावला. डेटा सीडीच्या प्रत्येक खंडात २३५२ बाइट असतात. त्यातले २०४८ आपले आणि बाकीचे ओळखीसाठी आणि दुरुस्तीसाठी. दुरुस्तीचं बळ संपलं की अख्खा खंड हातचा जातो. तीन वेगवेगळ्या ड्राइव्हमध्ये दोन्ही चकत्या फिरवल्या. नव्या वेगवान ड्राइव्हनं हात टेकले. स्टुडिओतून आणलेल्या जुन्या ४ एक्सच्या ड्राइव्हनं मात्र सावकाश, एकेक खंड वाचून दाखवला. घुर्र आवाज करायचा, टक् करून मागे यायचा, पुन्हा तीच जागा वाचायचा. एका प्रतीवर जे वाचेना ते दुसरीवर कधी कधी सापडलं, ते जोडून घेतलं. असं चार रात्री चाललं.

अकरा कॅसेटी पूर्ण मिळाल्या. दोन तुटक मिळाल्या. ओवी म्हणता म्हणता आवाज मध्येच नाहीसा होतो आणि पुढच्या चरणात परत येतो. चौदावी मिळाली नाही. ती सगळ्यात शेवटी लिहिली होती म्हणून चकतीच्या कडेला होती, आणि दोन्ही चकत्यांची झीज कडेपासूनच सुरू झाली होती. एकाच स्पिंडलमधल्या, एकाच दिवशी लिहिलेल्या, एकाच कपाटात ठेवलेल्या दोन चकत्या एकाच आजारानं गेल्या. माझ्या लेखी त्या दोन प्रती होत्या. खरं म्हणजे ती एकच प्रत दोनदा ठेवलेली होती.

चौदाव्या कॅसेटवर बाईंच्या सासूबाईंचा आवाज होता. त्यांनी ती मुद्दाम शेवटी ठेवली होती. हे त्यांनी मला तेव्हाच सांगितलं, त्याआधी कधी नाही. मला त्यांनी दोष दिला नाही. मी मात्र तेव्हापासून कुणालाही "मूळ टाकून द्या" असं म्हटलेलं नाही, आणि म्हणणारही नाही.

हरिपूरला हळदीची पेवं असायची. जमिनीच्या पोटात खोल खड्डे, आत हळद भरायची, तोंड लिंपून टाकायचं. तिथल्या मातीचा गुण असा, की वर्षानुवर्षं हळदीला कीड लागत नसे. भरलं, लिंपलं आणि विसरलं. माझ्या पिढीनं सीडीकडे याच नजरेनं पाहिलं. चकचकीत डबीत घातली, वर तारीख टाकली आणि कपाटात लिंपून टाकली. २००५ च्या महापुरात त्या पेवांमध्ये पाणी शिरलं आणि पुष्कळ हळद गेली. शतकभर टिकलेल्या पद्धतीलाही पुरापुढे दुसरी जागा हवी होती. मी ते डोळ्यांनी बघितलं आणि तरीही धडा अर्धाच घेतला.

त्या पुरात माझ्या दुकानात गुडघाभर पाणी आलं होतं. म्हणून मी मांडण्या कमरेच्या वर बसवल्या आणि निर्धास्त झाले. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फुटांची पातळी ओलांडली. दुकानात पाणी छातीच्या वर चढलं आणि काही दिवस उतरलं नाही. दार उघडलं तेव्हा चिखलाचा वास आधी आला. मांडण्यांवर गाळानं माखलेल्या सहाशेच्या वर चकत्या होत्या आणि टेबलावर मूळ चित्रणाच्या दोन हार्ड डिस्क पाणी पिऊन पडल्या होत्या.

आम्ही घमेल्यात स्वच्छ पाणी घेऊन एकेक चकती धुतली. घासायचं नाही, नुसती हलवायची. मग जुन्या सुती साडीच्या घडीवर सावलीत ठेवायची. तिथे पाठ आणि पोट यांतला फरक पुन्हा नजरेला पडला. सीड्यांच्या वरच्या लुकणाला फोड आले होते. कागदी पाकिटातल्या सीड्या पाकिटाला चिकटल्या होत्या आणि पाकीट सोडवताना त्यांची पाठच सोलली जात होती. डीव्हीड्या बहुतेक वाचल्या. डेटा पोटात असल्यानं चिखल बाहेरच राहिला. काहींच्या कडेनं मात्र पाणी आत शिरायला सुरुवात झाली होती, कडेला ढगासारखा पांढरा पट्टा दिसत होता. त्या आधी घेतल्या. दोन महिने रोज रात्री कॉप्या मारत होते.

हार्ड डिस्कमधलं चित्रण आम्हाला परत मिळालं, कारण त्याची एक प्रत मिरजेला बहिणीच्या घरी होती. ओव्यांच्या प्रसंगानंतर मी ती सवय लावून घेतली होती. छायाचित्रकार पीटर क्रोघ यांचा तीन-दोन-एकचा नियम आता पुष्कळांना माहीत आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या गावी. मला त्याचा अर्थ चौदाव्या कॅसेटनं शिकवला आणि त्याचा उपयोग पुरानं दाखवला.

चकतीची बाजूही सांगायला हवी, कारण आज तिला कुणी विचारत नाही. एका हिशेबनिसाच्या ऑफिसात खंडणी मागणारा व्हायरस शिरला. संगणकातलं सगळं कुलूपबंद झालं आणि जोडून ठेवलेली बॅकअपची हार्ड डिस्कही त्याच्याबरोबर गेली. पण दर महिन्याला मी त्यांना एक डीव्हीडी मारून द्यायची, फक्त एकदाच लिहिता येणारी. ती पुसता येत नाही, बदलता येत नाही. तिला कुलूप घालणं व्हायरसच्याही हातात नाही. मागच्या महिन्यापर्यंतचं सगळं जसंच्या तसं निघालं. पेन ड्राइव्हवर, क्लाउडवर जे असतं ते कधीही बदलता येतं, आणि बदलता येणारी गोष्ट चुकूनही बदलते. या एका गुणासाठी महत्त्वाच्या कागदांची एक प्रत मी आजही चकतीवर ठेवते. आता ब्लू-रे वापरते, २५ जीबीची. तिचा डेटा पृष्ठभागाच्या फक्त ०.१ मिलिमीटर आत, अगदी कातडीखाली असतो. त्यावर कठीण लेप असतो, तरी तिला मी सगळ्यात जपून धरते.

मात्र चकती टिकली तरी ती वाचणारं यंत्र टिकायला हवं. जुने ड्राइव्ह कुणी भंगारात देत असेल तर मी मागून घेते. तो ४ एक्सचा ड्राइव्ह पुरात गेला. त्याच्यासारखा दुसरा मला अजून मिळालेला नाही.

आई वर्षाची डाळ आणि धान्य कणगीत भरायची तेव्हा ते भरून विसरायचं नसतं हे तिला पक्कं माहीत होतं. वैशाखात एकदा सगळं बाहेर काढायचं, अंगणात ऊन दाखवायचं, पाखडायचं, किडलेलं निवडून टाकायचं, कडुनिंबाचा पाला घालून पुन्हा भरायचं. धान्य टिकायचं ते या फेरीनं. चकत्यांना ऊन दाखवायचं नाही, हाच काय तो फरक. बाकी सगळं तसंच. दर वैशाखात मी तीन दिवस दुकान अर्धं बंद ठेवते. मिरजेची पेटी आणते, प्रत्येक चकती दोन ड्राइव्हमध्ये शेवटच्या बाइटपर्यंत वाचते, वाचायला लागलेला वेळ वहीत लिहिते. मागच्या वर्षीपेक्षा वेळ वाढला असेल तर चकती थकायला लागली आहे असं समजायचं आणि ती बंद पडायची वाट न बघता नवी करायची.

बाईंच्या ओव्यांची पेटी मी सगळ्यात आधी उघडते. तेरा कॅसेटींचं जे मिळालं, ते आता चकतीवर, हार्ड डिस्कवर आणि त्यांच्या नातवाकडे परगावी असं तीन ठिकाणी आहे. यंदा त्यातल्या एका डीव्हीडीला मागच्या वर्षीपेक्षा सहा मिनिटं जास्त लागली. कड ठीक होती, उजेडातही काही दिसलं नाही. तरी त्याच संध्याकाळी नवी केली, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून शेवटची फाइल लावली, आणि तुटलेल्या चरणापर्यंत पूर्ण ऐकली.